पोती चढवणारा जुना कन्व्हेयर ६ मीटरचा ९ मीटर कसा करावा

वासदच्या डाळमिल असोत की पादरा-डभोईची गोदामं, पोती वर चढवणारे तिरके कन्व्हेयर बडोद्याच्या आसपास बरेच दिसतात. थप्पी उंच झाली किंवा ओटा वाढवला की ६ मीटरचा कन्व्हेयर अपुरा पडतो. मग मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरला बोलावलं जातं. चॅनल जोडला, पट्ट्याला तुकडा लावला आणि काम संपलं असं धरलं जातं. महिनाभरात मोटर ट्रिप होऊ लागते आणि पट्टा एका अंगाला घासून त्याची कड फाटते. लांबी वाढवताना लोखंड आणि रबर जोडणं सोपं असतं. बिघडतं ते ओढीचं गणित, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पुढचे आकडे एका ठरावीक कन्व्हेयरचे आहेत: दोन ड्रमच्या मध्यांतलं अंतर ६ मीटर, पट्टा ६०० मि.मी. रुंद आणि ८ मि.मी. जाड, दोन्ही ड्रम ३०० मि.मी., चढ २० अंश, १ एचपी मोटर, वर्म गिअरबॉक्स, पुढे १५ आणि ३० दात्यांच्या स्प्रॉकेटांवरून (दातेरी चाकांवरून) फिरणारी चेन, पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. पाय जमिनीत पक्के. तुमच्या कन्व्हेयरची मापं वेगळी असली तरी रीत हीच. चाकांवर फिरणारा लोडर असेल तर मात्र हे मार्गदर्शन जसंच्या तसं वापरू नका. वरचं टोक वाढवलं की वजन अ‍ॅक्सलच्या पलीकडे जातं आणि भरलेला लोडर उलटतो. तिथे अ‍ॅक्सलची जागाच बदलावी लागते.

आधी ओढ, मग लोखंड

५० किलोची पोती दीड-दीड मीटरवर ठेवली तर ६ मीटरवर ४ पोती, म्हणजे २०० किलो. ९ मीटरवर ६ पोती, ३०० किलो. २० अंशांच्या चढावर वजनाचा ०.३४ हिस्सा सरळ ओढीत येतो: आधी ६८ किलो, आता १०३. रोलर, बेअरिंग आणि पट्ट्याचं घर्षण आधी सुमारे २० किलो होतं, ते ३० होईल. वरच्या ड्रमवरची एकूण ओढ ८८ किलोवरून १३३ किलोवर गेली, म्हणजे दीडपट.

जुन्याच वेगाने ही ओढ घ्यायला ड्रमवर साधारण ६५० वॅट लागतात. वर्म गिअरबॉक्स आणि चेन मिळून जेमतेम ७० टक्के काम पुढे देतात, म्हणजे मोटरकडून ९३० वॅट हवेत. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. ट्रिप होण्याचं कारण हे आहे, आणि ओव्हरलोड रिलेचा (करंट वाढला की मोटर बंद करणाऱ्या स्विचचा) आकडा वर चढवून ते सुटत नाही. वाइंडिंग तेवढं जळतं.

यावर दोन वाटा आहेत. २ एचपीची मोटर बसवता येते. पण जुना गिअरबॉक्स तेवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सोसणारा असेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा तो नसतो. दुसरी वाट आम्हाला जास्त पटते: वेग दोन तृतीयांश करा. ड्रमवरचं ३० दात्यांचं स्प्रॉकेट काढून ४५ दात्यांचं बसवा आणि गिअरबॉक्सवरचं १५ चं तसंच ठेवा. ओढ दीडपट झाली, गुणोत्तरही दीडपट झालं, त्यामुळे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, चेनवर आणि मोटरवर पूर्वीइतकाच भार राहतो. वेग सेकंदाला ०.३३ मीटर होईल. दीड मीटरवर एक पोतं धरलं तरी तासाला ८०० पोती जातात. माणसं तेवढी टाकू शकत नाहीत, त्यामुळे वेग कमी केल्याने नुकसान काही नाही.

पाऊण इंची चेन असेल तर ४५ दात्यांच्या स्प्रॉकेटचा पिच व्यास सुमारे २७३ मि.मी. येतो. चेनगार्ड आणि चॅनल यांच्यात तेवढी जागा आहे का, ते आधी मोजा. चेनला साधारण ८ कड्या जास्त लागतील. एकूण कड्या सम संख्येत ठेवा, कारण विषम झाली तर अर्धी कडी घालावी लागते आणि चेन तिथेच तुटते.

चढ वाढवू नका. २० अंशांत ९ मीटरला ३ मीटरहून थोडी जास्त उंची मिळते, आधी ती २ मीटर होती. तागाची पोती इथे टिकतात. प्लास्टिकची विणलेली पोती धूळ बसलेल्या गुळगुळीत पट्ट्यावरून घसरतात. ती चढवायची असतील तर खरखरीत पृष्ठाचा पट्टा घ्या.

सांगाडा

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच हात लावा. वाढ खालच्या टोकाला करावी. तिथे फक्त ड्रम, दोन बेअरिंग आणि ताणाचे स्क्रू असतात. मोटर आणि गिअरबॉक्स असलेलं टोक जसंच्या तसं वर उचललं जातं आणि पाय सुमारे एक मीटर उंच होतात. उंच पायांना तिरके ताण हवेतच, नाहीतर पोतं पडलं की सगळं डोलतं.

१०० मि.मी.च्या चॅनलचे ३ मीटरचे दोन तुकडे लागतील. वजन मीटरला सुमारे साडेनऊ किलो. जोड नुसता टोकाला टोक लावून वेल्ड करू नका. आतून १० मि.मी. जाड, ५०० मि.मी. लांब फिशप्लेट (जोडपट्टी) द्या, दोन्ही बाजूंना १२ मि.मी.चे चार-चार बोल्ट, भोकं ड्रिलने पाडलेली. गॅसने पाडलेलं भोक वाकडं असतं आणि बोल्ट त्यात खेळतो. जोडाची जागा पायापासून अर्धा-पाऊण मीटरवर ठेवा. तिथे चॅनलवर वाकण्याचा जोर सर्वात कमी असतो. दर ३ मीटरला पायांची जोडी हवी.

वेल्डिंग करावंच लागलं तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा. तो दूर लावला की करंट बेअरिंगमधून वाट काढतो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग आठवडाभरात वाजू लागतं. डाळमिलमध्ये वेल्डिंगआधी धूळ झाडून काढा आणि पट्टा बाहेर न्या. डाळीची उडती धूळ पेट घेते.

सांगाडा उभा राहिला की दोन्ही ड्रमच्या मध्यांतून बारीक तार ताणून बांधा. डाव्या-उजव्या चॅनलपासून तारेचं अंतर दर मीटरला मोजा, मग कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. इथे सोडलेला वाकडेपणा नंतर रोलर फिरवून झाकता येत नाही.

रोलर आणि ड्रम

एका पोत्याखाली नेहमी तीन रोलर असावेत, म्हणून वरचे रोलर ३०० मि.मी.वर. ३ मीटरला दहा नवे लागतील, शिवाय खाली परतीच्या पट्ट्याला एक. जुने रोलर घासून बारीक झालेले असतात. नवे त्यांच्या शेजारी लावले की नवेच वर उठून राहतात आणि सगळं वजन घेतात. सरळ पट्टी ठेवून पाहा आणि जुन्यांखाली पातळ पत्रे घालून पातळी जुळवा. २०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुरात गोदामात पाणी शिरलं असेल तर खालच्या टोकाचे रोलर आणि बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखर लागली की बदलाच. ग्रीस भरून गंज जात नाही.

वरच्या ड्रमला रबराचं लॅगिंग, म्हणजे आवरण, नसेल तर ते आताच करून घ्या. उघडा, धुळीचा ड्रम १३३ किलोची ओढ न घसरता द्यायला परतीच्या बाजूला सुमारे ११० किलो ताण मागतो. लॅगिंग असेल तर ६५ किलोत भागतं. ताण कमी झाला की पट्टा, जोड, बेअरिंग आणि शाफ्ट सगळ्यांचं आयुष्य वाढतं. या कामात इतक्या कमी पैशांत इतका फायदा दुसऱ्या कशातून मिळत नाही.

वीज गेली की भरलेला पट्टा मागे पळू पाहतो. वर्म गिअरबॉक्स स्वतःच अडवतो असं सगळे सांगतात. थांबलेला असताना तो बहुतेकदा अडवतोही, पण थरथर झाली की सुटतो, आणि चेन तुटली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून उलट फिरणं अडवणारा बॅकस्टॉप वरच्या ड्रमच्या शाफ्टवरच हवा. खाली पोती टाकणारा माणूस नेमका पट्ट्यासमोर उभा असतो, त्यामुळे इथे काटकसर करू नका.

पट्टा किती घ्यायचा आणि कसा जोडायचा

जुन्या पट्ट्याला ६ मीटरचा तुकडा लावायचा मोह सोडा. जुनं रबर कडक झालेलं असतं, जोड धरत नाही, आणि जाडीत फरक असल्याने प्रत्येक फेरीत दोन ठिकाणी धक्का बसतो. नवा अखंड पट्टा घ्या, भारतीय मानक आयएस १८९१ चा, दोन किंवा तीन प्लायचा (आतल्या कापडी थरांचा). या ओढीला तो पुरून उरतो.

लांबी मोजताना ताणाचे स्क्रू पूर्ण आत घ्या, मग साधारण २५ मि.मी. बाहेर काढा. या स्थितीत मध्यांतलं अंतर ९ मीटर असेल तर: दुप्पट म्हणजे १८ मीटर, अधिक ३.१४ गुणिले (३०० + ८) मि.मी., म्हणजे ०.९७ मीटर. एकूण १८.९७ मीटर. टेप प्रत्यक्ष ड्रमवरून फिरवून खात्री करा. टेप पट्ट्याची आतली बाजू मोजते, म्हणून त्यात २५ मि.मी. मिळवा. हॉट जॉइंटच्या (प्रेसमध्ये तापवून केलेल्या जोडाच्या) पायऱ्या आणि तिरका काप यांना सुमारे ७०० मि.मी. जास्त. २० मीटर आणा, उरलेला तुकडा ठिगळाला कामी येतो.

नवा पट्टा दीड टक्क्यापर्यंत ताणला जातो. १९ मीटरला ते २८५ मि.मी. होतात. ड्रम मागे सरकवताना वरचा आणि खालचा दोन्ही पदर ताणले जातात, म्हणून स्क्रूला निम्मी, म्हणजे सुमारे १४५ मि.मी. चाल लागते. जुन्या कन्व्हेयरला १५० मि.मी.चेच स्क्रू असतात आणि काठावरचं भागत नाही. ३०० मि.मी.चे नवे बसवा.

जोडाचे प्रकार तीन. लोखंडी फास्टनर अर्ध्या तासात होतो, पण पोत्यात अडकतो आणि लॅगिंग खातो, म्हणून तो तात्पुरत्या कामापुरताच. कोल्ड जॉइंटला सोल्युशनचे (रबर चिकटवायच्या द्रवाचे) दोन हात लागतात आणि हवा कोरडी हवी. जुलै-ऑगस्टमध्ये सोल्युशन उडताना कापड थंड होतं, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि जोड पंधरा दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. हॉट जॉइंट सर्वात टिकाऊ. प्रेसमध्ये साधारण १४५ अंश सेल्सिअस आणि भरपूर दाब, वेळ पट्ट्याच्या जाडीप्रमाणे. प्रेस गार होईपर्यंत उघडू देऊ नका, कारीगर घाई करतात.

कारीगराच्या शेजारी उभं राहून दोन गोष्टी बघा. पहिली: गुण्या पट्ट्याच्या कडेला लावू द्यायचा नाही. टोकापासून दोन-तीन मीटरपर्यंत चार ठिकाणी रुंदीचा मध्य काढायचा, तो दोऱ्याने जोडायचा आणि काटकोन त्या मध्यरेषेवर घ्यायचा. ६०० मि.मी. रुंदीला तिरका काप २४० मि.मी.चा धरा. असा जोड ड्रमवर एकदम न चढता हळूहळू चढतो. दुसरी: वरच्या थराची उघडी कड स्क्रॅपरच्या (पट्टा खरवडून साफ करणाऱ्या पात्याच्या) विरुद्ध येता कामा नये, नाहीतर स्क्रॅपर ती रोज थोडी थोडी उचलतो.

पट्ट्यावर आडव्या पट्ट्या, म्हणजे क्लीट लावायचे असतील तर त्यांचं अंतर लांबीला पूर्ण भागलं गेलं पाहिजे. १८.९७ मीटरला १३ क्लीट म्हणजे दर १.४६ मीटरला एक. सरळ दीड मीटर धरलात तर शेवटचं अंतर अपुरं येतं. खालचे रोलर मग मध्ये तोडलेले हवेत, स्क्रॅपर काढावा लागतो आणि सांगाड्याच्या खालच्या आडव्या लोखंडाला क्लीट घासत नाहीत ना ते हाताने एक फेरी फिरवून बघावं लागतं.

पट्टा मार्गावर आणणं

आधी रिकामा चालवा. एक फेरी सुमारे एका मिनिटात होते. प्रत्येक बदलानंतर तीन फेऱ्या थांबा, कारण पट्टा सावकाश सरकतो आणि घाई केली की दुप्पट फिरवाफिरव होते. रोलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी भिडतो, त्या बाजूला तो सरकतो. म्हणून पट्टा उजवीकडे पळत असेल तर रोलरचं उजवं टोक पट्ट्याच्या चालीच्या दिशेने थोडं पुढे ढकला, २-३ मि.मी. पुरतात. खालच्या ड्रमचा एका बाजूचा स्क्रू जास्त ताणला की पट्टा दुसऱ्या, सैल बाजूला जातो. ड्रमशी खेळण्याआधी परतीचे रोलर पाहा. बहुतेक वेळा दोष तिथे असतो.

पट्टा कुठल्याही जागी असो, त्याचा तोच भाग बाहेर पळत असेल तर जोड वाकडा आहे. तो कापून पुन्हा करावा लागेल. सगळा पट्टा एकाच ठिकाणी बाहेर जात असेल तर दोष त्या ठिकाणच्या रोलरमध्ये किंवा सांगाड्यात आहे. हा फरक ओळखला नाही तर लोक चांगला जोड कापतात किंवा चांगले रोलर वाकडे करतात.

मग अर्ध्या वजनावर तासभर, नंतर पूर्ण वजनावर. मोटरचा करंट क्लॅम्प मीटरने बघा, तो नेमप्लेटच्या आकड्याखाली राहिला पाहिजे. ड्रम फिरतो पण पट्टा थबकतो असं दिसलं तर दोन्ही स्क्रू सारखे, अर्धा-अर्धा फेरा ताणा. दोन्ही बाजूंचं माप स्केलने घेऊन लिहून ठेवा, अंदाजाने नको. चेनगार्ड, दोन्ही ड्रमच्या चिमटीवरची जाळी आणि ओढून थांबवायची दोरी लागेपर्यंत माणसांच्या हाती देऊ नका. दोरी आता पूर्ण ९ मीटर हवी, जुनी ६ मीटरवर संपते आणि खालचा माणूस तिच्या बाहेर राहतो.

पहिल्या आठ तासांनी आणि पुन्हा आठवड्याने ताण तपासा, फिशप्लेटचे बोल्ट आवळा. स्क्रूची चाल महिनाभरात दोनशे मि.मी.च्या पुढे गेली तर समजावं की पट्टा दीड टक्क्यापेक्षा जास्त ताणतोय, म्हणजे ताण गरजेपेक्षा खूप दिलाय. स्क्रू थोडे सैल सोडून बघा. पट्टा घसरत नसेल तर तोच ताण पुरेसा आहे.