बॅड सेक्टर आलेल्या हार्ड डिस्कला हात लावण्यापूर्वीची तयारी

लॅपटॉप एखादी फाईल उघडताना मिनिटभर थिजू लागला आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने पिवळा इशारा दाखवला, की बहुतेकांचा हात सर्वप्रथम चेकडिस्क या विंडोजच्या दुरुस्ती-आज्ञेकडे वळतो. तो तिथेच आवरावा. चेकडिस्कचा ‘आर’ पर्याय संपूर्ण डिस्क चाळतो, वाटेत तिच्यावर बदल लिहीत जातो आणि जो क्लस्टर, म्हणजे डिस्कवरील जागेचा छोटा तुकडा, वाचता येत नाही त्याच्या बदल्यात फाईलला दुसरा क्लस्टर जोडून मोकळा होतो. मूळ मजकूर मग फाईलमध्ये राहत नाही. आधी डिस्कची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाईलमध्ये, घ्यायची आणि दुरुस्तीचा विचार नंतर करायचा, हा क्रम बदलू नये.

प्रथम स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे लिहून ठेवावेत. ०५ या ओळीत खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरील माहितीचे लहान कप्पे, मोजलेले असतात. सी५, म्हणजे १९७ क्रमांकाच्या ओळीत, जे सध्या वाचता येत नाहीत व ज्यांचा निर्णय व्हायचा आहे ते. आणि सी६ मध्ये चाचणीतही न वाचता आलेले. सी७ चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीचा असतो, डिस्कच्या पृष्ठभागाचा नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मूळ आकडे सोळा-आधारी पद्धतीने दिसतात, त्यामुळे तेथील १० म्हणजे प्रत्यक्षात १६ होत. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र पुढचे काहीही वाचू नये. वीज बंद करून ती डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडेच न्यावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा किंवा उघडून पाहण्याचा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये.

विंडोज अजून सुरू होत असेल तर दोन कामे लगेच उरकावीत. अत्यावश्यक कागदपत्रे पेनड्राइव्हवर घ्यावीत आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी. आपण बिटलॉकर कधी लावलेच नाही असे गृहीत धरू नये, कारण अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. त्यानंतर शिफ्ट दाबून धरून पूर्ण शटडाऊन करावे आणि त्या डिस्कवरून पुन्हा विंडोज चालू करू नये.

प्रतिमा ठेवण्यासाठी निरोगी आणि मूळ डिस्कपेक्षा मोठी डिस्क लागते. डिस्कवर डेटा किती आहे याचा येथे संबंध नाही. संपूर्ण क्षमता मोजावी लागते. नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानात एक टीबीच्या जागी ९६० जीबीची एसएसडी चालेल असे कोणी सांगितले तर ते ऐकून घ्यावे आणि दोन टीबीची बाह्य डिस्क मागावी. ती फॅट३२ नसावी, कारण त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

पेनड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स यंत्रणा, घ्यावे. त्यात खराब डिस्कची प्रतिमा घेणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आधीच असतो. उबुंटू वापरल्यास त्याच प्रोग्रॅमचे जीडीडीरेस्क्यू या नावाचे पॅकेज घ्यावे. नावात अंडरस्कोर असलेला डीडी_रेस्क्यू हा निराळाच प्रोग्रॅम आहे.

आता मॅपफाईल. डीडीरेस्क्यूला तीन नावे द्यायची असतात: स्रोत डिस्क, प्रतिमेची फाईल आणि मॅपफाईल. कोणता भाग वाचून झाला, कोणता अडला आणि कोणता राहिला याची नोंद केवळ या तिसऱ्या फाईलमध्ये होते. दुर्दैवाने ती ऐच्छिक आहे. नाव दिले नाही तरी प्रोग्रॅम तक्रार न करता सुरू होतो. त्याहून वाईट प्रकार मागच्या वेळी माझ्या हातून घडला: नाव दिले, पण पूर्ण मार्ग दिला नाही. मग ती फाईल लाईव्ह पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या यंत्रणेच्या चालू फोल्डरात, म्हणजे रॅममध्ये, तयार झाली आणि वीज जाताच नाहीशी झाली. अर्धवट प्रतिमा हाती उरली, परंतु तिच्यातील कोणते शून्य खरे आणि कोणते न वाचलेल्या जागेचे, हे खात्रीने सांगणारे काही उरले नाही; आधीच खंगलेली डिस्क पुन्हा आरंभापासून वाचावी लागली. म्हणून मॅपफाईलचा पूर्ण मार्ग लिहावा, तो बाह्य डिस्कवरचाच असावा, आणि सुरुवात झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्या टर्मिनलमधून ती तेथे खरोखर आहे याची खात्री करावी.

नागपूरच्या मे महिन्यात हे काम करायचे असेल तर वीज व उष्णता यांची व्यवस्था वेगळी करावी लागते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी सहसा नावापुरतीच उरलेली असते. लॅपटॉप आणि बाह्य डिस्कचा ॲडॉप्टर असल्यास तोही, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कची तापमर्यादा साधारणतः ६० अंश असते आणि बाहेर पारा ४५ वर असताना, सतत वाचन चालू असलेली डिस्क तिथवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. काम रात्री सुरू करावे, लॅपटॉपखाली हवा खेळती ठेवावी, परंतु तो कुलरच्या थेट झोतात ठेवू नये. ओल्या टट्टीतून हवेबरोबर पाण्याचे थेंबही येतात. डिस्क फार तापल्यास कंट्रोल-सी दाबून थांबवावे आणि निवल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्यावी. काम सोडले तिथून पुढे चालू होते ते अर्थातच मॅपफाईल जागेवर असेल तरच.

आज्ञा देण्यापूर्वी जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके या आज्ञेमध्ये मॉडेल व सीरियल क्रमांक पाहून स्रोत आणि लक्ष्य ताडून घ्यावेत. नावे उलटी पडली तर वाचवायलाच काही उरणार नाही. स्रोत डिस्क माउंट करू नये, म्हणजे तिच्यातील फोल्डर उघडण्यासाठी ती यंत्रणेला जोडू नये. पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय द्यावा, म्हणजे सोपा भाग आधी हाती येतो. दुसऱ्या फेरीत ‘डी’ (थेट वाचन) आणि ‘आर३’ (अडलेल्या भागासाठी तीन पुनःप्रयत्न), प्रतिमेचे नाव तेच, मॅपफाईलही तीच. नवी मॅपफाईल दिल्यास पहिल्या फेरीचे श्रम वाया गेले असे समजावे. निरोगी एक टीबी डिस्क तीन-चार तासांत वाचून होते. खराब भागात वेग केबी प्रतिसेकंदावर येतो, त्याला इलाज नाही.

पुढचे थोडक्यात. प्रतिमेची प्रत काढून ती केवळ वाचनासाठी उघडावी. चेकडिस्क चालवायचेच असेल तर त्या प्रतीवर चालवावे. महत्त्वाच्या फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, कारण आकार बरोबर असूनही आत भोके असू शकतात. नव्या एसएसडीवर विंडोज ताजे टाकावे. जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट केली की सी५ चा आकडा पुष्कळदा खाली येतो, त्यावर विसंबू नये. ०५ वाढतच असेल तर पुसून ई-कचऱ्यात द्यावी.