मध्ययुगीन फ्रेंच सरदाराचं घराणं कसं शोधायचं? कूसीच्या आंगराँवरून बघू

आधी एक सांगतो, सरदाराचं नुसतं नाव टाकून सर्च मारू नका, हमखास घोळ होतो. उत्तर फ्रान्सात पिकार्डीमधलं कूसी घराणं घ्या. त्यात आंगराँ नावाचे एक नाही दोन नाही, चक्क सात जण होऊन गेले. तिसऱ्याने तो अवाढव्य किल्ला बांधला, सहावा १३४६ ला गेला, आणि आपल्याला हवाय तो सातवा, जन्म १३४० चा. म्हणून नंबर आणि सालं आधी लिहून ठेवा, मग पुढचं वाचा.

दुसरं म्हणजे लढायांच्या मागे लगेच लागू नका. घरातल्या बायकांपासून सुरुवात करा, कारण जमीन, हुंडा, वारसा सगळं तिथून कळतं. या सातव्या आंगराँची आई कॅथरीन ही ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातली, हे कळलं नाही तर हा माणूस १३७५ मध्ये भाडोत्री सैन्य घेऊन स्वित्झर्लंडच्या बाजूला काय करायला गेला होता हेच समजत नाही. तो आईकडून येणारा वाटा मागायला गेला होता! त्या स्वारीत हाती फारसं काही लागलं नाही, बर्नच्या लोकांनी चोप दिला तो वेगळाच.

मग बायको. फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या कैदेत होता, त्याच्या खंडणीसाठी १३६० मध्ये जे ओलीस इंग्लंडला गेले त्यात हा पण होता, आणि तिथे गडी थेट राजाचा जावई झाला. १३६५ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या मोठ्या मुलीशी, इझाबेलाशी लग्न, याची सुटका बिनखंडणी, वर पुढच्या वर्षी बेडफर्डचा अर्ल (ही इंग्लंडमधली सरदारकीची पदवी). आता सासरा इंग्लंडचा राजा आणि मालक फ्रान्सचा राजा, आणि दोघांचं युद्ध चालू, म्हणजे विचार करा. १३७७ मध्ये सासरा वारल्यावर याने इंग्लंडचे सगळे मान परत केले. मोठी मुलगी मारी फ्रान्सात, धाकटी फिलिपा इंग्लंडात. त्यामुळे अशा घराण्यासाठी दोन्ही देशांचे कागद बघावेच लागतात, एकाच बाजूचे वाचले तर अर्धं कुटुंब गायब.

तारखांचं मात्र जपून. तेव्हा फ्रान्सात राजदरबारी नवं वर्ष ईस्टरला, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या कागदांवर आपल्या हिशोबाने एक साल कमी असतं. हा तुर्कांविरुद्धच्या निकोपोलिसच्या लढाईत पकडला गेला सप्टेंबर १३९६ मध्ये, आणि आजच्या तुर्कस्तानातल्या बुर्सा इथे कैदेतच वारला १८ फेब्रुवारी १३९७ ला. त्या पद्धतीच्या कागदात तोच फेब्रुवारी १३९६ चा दिसणार, म्हणजे लढाईच्या सात महिने आधीच माणूस मेलेला! असं काही दिसलं की आधी कॅलेंडर तपासा.

बखरी वाचा, पण सगळं खरं मानू नका. फ्रुआसार हा बखरकार त्या काळात इंग्लंडच्या राणीच्या पदरी होता, तपशील मस्त देतो, पण आकडे सैल असतात. मृत्युपत्रं, विक्रीचे कागद, शिक्के, ढालीवरचं चिन्ह यांना जास्त वजन द्या.

शेवटी मुलगा नसेल तर मुलींच्या मागे जा. इथे मारीने १४०० मध्ये कूसीची जहागीर फ्रान्सच्या राजाचा भाऊ लुई द ऑर्लेआँ याला विकली, आणि त्याचाच नातू १४९८ मध्ये बारावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला, म्हणजे त्यानंतरचे कूसीचे कागद राजाच्या दप्तरात शोधायचे. किल्ला बघायला जाणार असाल तर तो मोठा बुरूज आता नाही, जर्मन सैन्याने १९१७ मध्ये सुरुंग लावून उडवला.