टीएमएस शिकताना : पाच सेंटिमीटरची चूक

मानसोपचारात एमडी करून मेंदू-उद्दीपनाकडे वळणाऱ्यांना टीएमएसचे, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदांनी मेंदूला चालना देण्याचे, यंत्र सोपे वाटते. मीही फसलो तो तिथेच, कारण यंत्र विकणाऱ्या प्रतिनिधीने दोन तासांत जे दाखवले, त्यालाच मी प्रशिक्षण समजलो.

जुना नियम असा की, कॉइल (यंत्राचे चुंबकीय वेटोळे) डोक्यावर फिरवत रुग्णाच्या हाताचा अंगठा सर्वांत ठळक उडतो ती जागा शोधायची आणि तिथून पाच सेंटिमीटर पुढे उपचार द्यायचा. अंगठा हलवतो तो मोटर कॉर्टेक्स. नैराश्यासाठी आपल्याला गाठायचा असतो त्याच्या पुढचा, डावा प्रीफ्रंटल भाग. डोके लहान असो वा मोठे, अंतर मात्र तेच, त्यामुळे अनेकांच्या बाबतीत कॉइल मागेच, प्रीमोटर भागावर राहते. माझी एक रुग्ण रोज दोन तास एसटीने येऊन तीस सत्रे पूर्ण करून गेली आणि मी कागदावर ‘प्रतिसाद नाही’ लिहून मोकळा झालो. पुढे एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी साध्या टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, कानापासून कानापर्यंत आणि डोक्याचा घेर, अशी तीन मापे घेऊन डाव्या प्रीफ्रंटल भागावरचा एफ-3 बिंदू काढायला शिकवले. तेव्हा मी जुने कागद पुन्हा उघडले. जागा बरोबर असती तर तिला बरे वाटलेच असते असे मी म्हणू शकत नाही. पण तो शेरा लिहिण्याचा अधिकार मला नव्हता.

मोटर थ्रेशोल्डही, म्हणजे अंगठा हलायला लागणारी किमान ताकद, पहिल्या दिवशी मोजून विसरू नका. मिरगीविरोधी औषधांचा डोस बदलला की तो पुन्हा मोजावा. टीएमएसमध्ये मिरगीचा झटका येणे दुर्मीळ आहे, तेव्हा भिऊन हात आखडू नका.

माझे मत अनेकांना रुचत नाही, पण टीएमएसच्या आधी सहा महिने ईसीटीच्या, म्हणजे विजेने मेंदूत झटका आणण्याच्या उपचाराच्या, टेबलापाशी उभे राहा. 1938 पासूनचा हा उपचार लोकांच्या तोंडी अजून ‘शॉक’च आहे आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता तो देण्यास मनाई केली आहे. खाणेपिणे सोडलेल्या कॅटाटोनियाच्या (हालचाल-बोलणे गोठून जाणाऱ्या आजाराच्या) रुग्णाला नातेवाईक शॉकला घाबरतात म्हणून टीएमएसवर रखडवणे हा गंभीर प्रमाद आहे. 2018 च्या चाचणीत तीन मिनिटांचे थीटा-बर्स्ट (टीएमएसचाच झटपट प्रकार) साडेसदतीस मिनिटांच्या नेहमीच्या सत्राहून कमी ठरले नाही, हे खरे. तरीही माझ्या त्या रुग्णाचा एसटीचा प्रवास तेवढाच राहिला असता. म्हणून पहिल्या भेटीत मी आता रुग्ण रोज कसा येणार, हेच आधी विचारतो.