मर्सिडीज ६०० पुन्हा उभी करताना या चुका टाळा

श्टुटगार्टजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी गेली सहा वर्षं शनिवारी मदतीला जातो. मर्सिडीज ६००वर काम करायला आलेल्या नव्या माणसाच्या हातात तिथे आधी गाजर देतात. काचेच्या वाटेत ते आडवं धरायचं आणि बटण दाबायचं. काच वर येते. घरघर नाही, मध्ये गाजर आलं म्हणून अडखळणं नाही. अर्धं गाजर आत सीटवर पडतं, अर्धं बाहेर फरशीवर. मग तिथले मुख्य मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे माइस्टर म्हणतो, एवढंच सांगतात, "इथे बोट असू शकतं."

त्याआधी मी भोसरीत हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला होतो, त्यामुळे दाबाखालच्या तेलाशी माझी जुनी ओळख. पण प्रेसभोवती जाळी असते. इथे तेच तेल माणसाच्या कोपराला लागून, दाराच्या चामड्याआडून फिरतं. हे लक्षात न घेता गाडीला हात लावला की एकामागून एक चुका होत जातात, आणि त्यातल्या बऱ्याच नंतर दुरुस्त करता येत नाहीत.

गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. १९६३च्या सप्टेंबरात फ्रांकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हा कंपनीचे मुख्य अभियंते होते फ्रित्स नालिंगर. ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, २५० अश्वशक्ती, ताशी २०५ किलोमीटर वेग. मर्सिडीजच्या प्रवासी गाडीत व्ही-८ इंजिन पहिल्यांदा आलं ते इथेच. साध्या, छोट्या ६००ची लांबी साडेपाच मीटर, पुलमन नावाच्या लांब प्रकाराची सव्वासहा. किंमत ५६,५०० मार्क. तेवढ्या पैशात तेव्हा फोक्सवॅगनच्या दहाएक छोट्या बीटल गाड्या आल्या असत्या. १९८१पर्यंत झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात अशा फक्त २,६७७ गाड्या बांधल्या गेल्या: २,१९० छोट्या, ४२८ पुलमन आणि मागचं छत उघडणाऱ्या ५९ लांडोले.

हायड्रॉलिक काढून मोटर बसवणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुःखद चूक हीच. खिडक्या, पुढच्या सीट, मागची सीट, सरकतं छत, डिकीचं झाकण, हे सगळं या गाडीत तेलाच्या दाबावर हलतं. दाब सुमारे १५० बार. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. काच हलवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटर जाड असत आणि आवाज करत. एवढ्या महागड्या गाडीत काच खाली घेताना कुरकुर ऐकू यावी, हे तिथल्या लोकांना मान्य नव्हतं. म्हणून इंजिनावर पंप बसवला, दाब साठवायला ॲक्युम्युलेटर दिला आणि बारीक नळ्या थेट दारांत नेल्या. दारावरचं खिडकीचं बटण हाच मुळात व्हॉल्व्ह आहे. हलकं दाबलं तर काच हळू जाते, जोरात दाबलं तर झपकन. बोटाच्या टोकाला तेल जाणवतं. असं बटण मी दुसऱ्या कुठल्याच गाडीत पाहिलेलं नाही.

ही व्यवस्था गळायला लागली की मालकाला खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटतो. मग कुणीतरी सुचवतं, काढून टाका, विजेचं किट बसवतो. आमच्याकडे अशीच एक ६०० आली होती. आधीच्या गॅरेजने चारही दारांच्या आतला पत्रा मोटर बसावी म्हणून कापला होता, नळ्या मुळापासून छाटून टोकं ठोकून बंद केली होती आणि काढलेले व्हॉल्व्ह भंगारात दिले होते. ते व्हॉल्व्ह नवे मिळवायचे म्हणजे एकेकाला हजारो युरो. दुरुस्ती करून जेवढा खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट हे सगळं उलटं फिरवायला आला. दारांचा पत्रा वेल्ड करून पूर्ववत केला, पण आत हात घातला की ती वेल्डची रेघ अजून बोटाला लागते.

तेव्हा आधी दोष शोधा. सगळ्याच गोष्टी मंद झाल्या असतील तर दोष मुळाशी आहे: तेल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप दमलेला. इंजिन चालू असताना सगळं ठीक आणि बंद केल्यावर एकही काच हलत नाही, तर ॲक्युम्युलेटर तपासा. एकच काच मंद असेल किंवा रात्रीतून खाली उतरत असेल, तर तो त्या दाराचा मामला आहे, व्हॉल्व्हचा नाहीतर सिलिंडरच्या सीलचा. बाकीच्या गाडीला हात लावायची गरज नाही. सील बदलून, आतले भाग घासून पुन्हा बसवणारे कारागीर जर्मनीत आहेत. वेळ लागतो, पण व्हॉल्व्ह वाचतो.

तेल आणि बोट

तेल कमी दिसलं की हाताशी असलेलं ब्रेक ऑइल ओतायचं, हे मी स्वतः पाहिलंय. या व्यवस्थेला खनिज तेल लागतं आणि तिचे रबरी सील त्याच तेलासाठी केलेले असतात. ब्रेक ऑइलने ते फुगतात, मऊ पडतात आणि मग एक गळती होती तिथे वीस होतात. एकदा चुकीचं तेल फिरलं की नुसतं काढून नवं भरून भागत नाही, सगळे सील बदलावे लागतात. कारखान्याच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच भरा.

दुसरी गोष्ट भोसरीत शिकलो आणि इथेही तितक्याच कळकळीने सांगतो. नळीवर बोट फिरवून गळती शोधू नका. १५० बारला सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार दिसत नाही आणि ती कातडीच्या आत शिरते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत मात्र बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं आणि तेल दाबाखाली आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्याच्यावर डाग उमटतो. नळी सोडण्याआधी दाब पूर्ण उतरवा; इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला असं नसतं.

वीस वर्षांनी चावी फिरवणं

गोठ्यात किंवा तळघरात सापडलेली गाडी घरी आणली की सगळ्यांना एकच घाई असते: नवी बॅटरी लावा आणि आवाज ऐकवा. कृपया ऐकवू नका. या इंजिनाला बॉशचा आठ प्लंजरचा, म्हणजे पेट्रोल ढकलणाऱ्या आठ दट्ट्यांचा, यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. जुन्या पेट्रोलचा डिंक होऊन आतले प्लंजर आणि त्यांना फिरवणारा दांडा अडकतो. तसंच स्टार्टर मारत राहिलात तर सिलिंडरमध्ये नको तितकं पेट्रोल जातं, भिंतीवरचं तेल धुऊन निघतं आणि पिस्टन कोरडेच घासतात.

आधी ११२ लिटरची टाकी रिकामी करून धुवा. रबरी पाईप सगळे नवे. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग पान्याने इंजिन हाताने फिरवा, तेही त्याच्या नेहमीच्या दिशेनेच. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. टायमिंग चेनला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या वयाने ठिसूळ होतात. त्यातली एक तुटून चेनखाली गेली तर दुरुस्ती कुठवर जाईल सांगता येत नाही. त्या पट्ट्या पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुठलंही जुनं इंजिन सुरू होत नाही.

बदली इंजिन शोधणारे बहुतेक ३०० एसईएल ६.३कडे वळतात, कारण १९६८च्या त्या गाडीत मुळात हेच इंजिन आहे. पण तिच्या खिडक्या विजेच्या होत्या, त्यामुळे ६००च्या हायड्रॉलिक पंपाची सोय तुम्हाला वेगळी करावी लागते. शिवाय इंजिनाचा मूळ क्रमांक गेला की गाडीची किंमत बसते, ते वेगळंच.

खाली बसलेली गाडी ओढणं

सस्पेन्शन हवेचं आहे. रबरी फुगे आणि व्हॉल्व्ह जुने झाले की गाडी एका रात्रीत जमिनीला टेकते. तशीच ओढून ट्रकवर चढवली तर फुगा चिरडतो आणि थोडक्यात निभावणारं काम मोठं होतं. आधी हवा भरून उंची घ्या, मग हलवा. कुठून हवा जाते ते साबणाच्या पाण्याने कळतं; सांधे आणि व्हॉल्व्ह आधी बघा, फुगे नंतर. हवेच्या टाकीत पाणी साठतं, ते काढत जा. साध्या स्प्रिंग बसवायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका.

इथे जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला १९९७पासून 'एच' (म्हणजे ऐतिहासिक) नंबरप्लेट मिळते आणि वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो लागतो, पण तपासनीस गाडीचं मूळपण बघतो. आपल्याकडेही २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, आणि तिथेही अट तीच: गाडी मूळ रूपात हवी.

गाडीऐवजी तिची गोष्ट विकत घेणं

माओ, युगोस्लाव्हियाचे टिटो, इराणचे शहा, एल्विस प्रेस्ली, जॉन लेनन, या सगळ्यांकडे ६०० होती. १९६५मध्ये पोप सहावे पॉल यांना लांडोले मिळाली. त्यामुळे बाजारातल्या प्रत्येक दुसऱ्या गाडीला कुणीतरी राजदूत नाहीतर हुकूमशहा चिकटवलेला असतो. साध्या गाडीचं छत कापून लांडोले केल्याचेही प्रकार होतात. चासी क्रमांकाची सुरुवात बघा: छोटी १००.०१२, चार दारांची पुलमन १००.०१४, लांडोले १००.०१५, सहा दारांची पुलमन १००.०१६. बांधल्या गेलेल्या खऱ्या लांडोले एकोणसाठच, हे विक्रेत्यालाही माहीत असतं. गाडी कारखान्यातून निघताना भरलेलं डेटा कार्ड मागा. त्यावर इंजिनाचा क्रमांक, रंगाचा कोड, आतल्या कापडाचा कोड आणि मागवलेल्या जादा गोष्टी असतात.

आणि हे कार्ड रंगाच्या आधी मागा. डेंटिंग-पेंटिंगने सुरुवात करणं ही तर घरोघरीची चूक आहे. नव्या रंगावर मग नळ्यांचं तेल गळतं, पाने घासतात.

मागच्या हिवाळ्यात आलेल्या गाडीचे मालक काळ्या रंगाचा डबा घेऊनच आले होते. गाडी एका दूतावासाची होती आणि पहिल्यापासून काळी होती, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. कार्डावर पहिला मालक कारखानदार निघाला आणि रंगाचा कोड काळ्याचा नव्हता. माइस्टरांनी मागची सीट काढली, खालच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा सँडपेपरने घासली. काळ्याखाली करडा प्रायमर, त्याच्याखाली गडद हिरवा. मालक टॉर्च धरून बराच वेळ वाकून बघत राहिले, आणि मग काळा डबा परत नेऊन गाडीत ठेवला.