चार कोटी अंकांच्या संख्येचं डोकं आणि शेपूट

माझा नातू इथे इंदुरात हिंदी शाळेत जातो, म्हणून त्याची 'अभाज्य' ती माझी 'मूळ' संख्या. परवा म्हणाला, "आजोबा, जगातली सगळ्यात मोठी अभाज्य संख्या माझ्या वहीत मावेल?"

ज्ञात असलेली सगळ्यात मोठी, ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकन माणसाला सापडलेली ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. ती किती अंकी, सुरुवात काय, शेवट काय हे कळायला पूर्ण लिहायची गरज नाही. बँकेतला माझा बारा अंकी कॅल्क्युलेटर पुरला.

आधी अंक किती ते काढा. घातांकाला २ च्या लॉगने, म्हणजे १० चा कितवा घात २ होतो त्या आकड्याने, गुणायचं. मी शाळेतल्या सवयीने ०.३०१०३ घेतलं, उत्तर आलं ४,१०,२४,३२०.५, म्हणजे ४,१०,२४,३२१ अंक. चूक! एक अंक जास्त. लॉगच्या नवव्या स्थानातली खोट साडेतेरा कोटींनी गुणली की बोलायला लागते. ०.३०१०२९९९५६६ घ्या, ४,१०,२४,३१९.९४५ येईल, पूर्णांकात १ मिळवा, अंक ४,१०,२४,३२०. एक वजा केल्याने अंक घटत नाहीत, कारण २ च्या घाताच्या शेवटी शून्य येतच नाही.

उरलेल्या ०.९४५ मध्ये डोकं आहे: १० चा तेवढा घात ८.८१, म्हणजे सुरुवात ८८ ने.

शेपूट आणखी सोपं. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक, ०४ पासून, दर वीस पायऱ्यांनी परत येतात. घातांकाला २० ने भागून बाकी १, म्हणजे २१ व्या घातासारखंच. तो २०,९७,१५२. शेवट ५२, वजा १, म्हणजे ५१.

वहीचं? पानावर तीस ओळी, ओळीत चाळीस अंक धरले तर खजुरी बाजारातून दोनशे पानी १७१ वह्या आणाव्या लागतील. नातवाने विषय बदलला.

यातून संख्या मूळ आहे हे मात्र कळत नाही. त्यासाठी लुकास-लेहमर चाचणी लागते, ती यंत्राचंच काम.

कुणी पूर्ण संख्येची फाइल दिली तर अंकांची बेरीज करून नवाने भागा. २ चे घात नवाच्या हिशोबात सहा-सहाने फिरतात. घातांकाला ६ ने भागून बाकी ५, म्हणून ३२ वजा १, ३१. नवाने भागून बाकी ४. फाइलची बाकी ४ आली नाही तर कुठेतरी अंक चुकला. पण दोन शेजारचे अंक उलटे पडले असतील तर ही तपासणी आंधळी. बँकेत टॅली जुळेना आणि फरक नवाच्या पटीत असला की आम्ही तीच उलटापालट आधी शोधायचो. इथे नेमकी तीच निसटते.