भुईमुगाचं अनुदान अडकलंय? ठाणे-नवी मुंबईत राहून गावचं रान सांभाळताना या चुका टाळा

घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीत सातारा-सांगलीकडची घरं पुष्कळ. शेंगा गावच्या रानात, आधारचा मोबाईल आणि पगाराचं खातं मात्र इकडे. अनुदान अडकतं ते बहुतेक या दोन टोकांच्या मधेच.

अर्जात लिहिलेल्या खात्यावर विसंबणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. थेट लाभाचे पैसे आधार क्रमांकावरून जातात, पासबुकाच्या झेरॉक्सवरून नाही. बँक ‘आधार लिंक आहे’ म्हणते तेव्हा ते अनेकदा केवायसीपुरतंच असतं. अनुदानासाठी एनपीसीआयकडे (बँकांमधले पैसे इकडून तिकडे पोचवणारी राष्ट्रीय संस्था) आधार सीडिंग, म्हणजे पैसे यायला आधार त्या बँकेशी जोडणं लागतं, आणि तिथे एका आधारला एकच बँक असते, सर्वांत शेवटी जोडलेली. म्हणजे अर्जाला गावच्या जिल्हा बँकेचं पासबुक लावलं आणि नंतर वाशीत पगाराचं खातं उघडताना सीडिंगच्या संमतीवर सही केली, तर पैसे वाशीच्या खात्यात येतात. घरचे गावच्या पासबुकात शोधत राहतात. ते नवं खातं नोकरी सुटल्यावर बंद पडलं असेल तर रक्कम परतच जाते. आईच्या नावावर जमीन असेल आणि तिने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी वेगळं खातं काढलं असेल, तर तिचंही आधी तपासा.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दोन्ही दिसायला हवं. बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, पोच घ्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

ई-पीक पाहणी ‘पुढच्या सुट्टीत करू’ म्हणणं

ई-पीक पाहणी म्हणजे रानातलं पीक सरकारी ॲपवरून सातबाऱ्यावर नोंदवणं. ॲप पिकाचा फोटो त्या जमिनीच्या गटात उभं राहूनच मागतं. ठाण्यात बसून ही पाहणी होत नाही. भावाला किंवा वाटेकऱ्याला मुदतीच्या आत रानात पाठवा. भुईमुगात तूर असेल तर मिश्र पीक म्हणूनच नोंदवा, नुसतं एकच पीक दाखवून मोकळं होऊ नका. सातबाऱ्यावर भुईमूग चढला नाही तर हमीभाव केंद्रावरची नोंदणीही अडते. २०२५-२६ च्या खरिपात हा भाव क्विंटलला ७,२६३ रुपये होता. तिथे शेंगांत ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर माल परत येतो, म्हणून काढणीनंतर घाईने पोती भरू नका. मूठभर शेंगा हलवून बघा: दाणे आत खुळखुळ वाजले पाहिजेत.

पूर्वसंमतीआधी खरेदी

महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं पोर्टल) शेंगा फोडणी यंत्र किंवा पेरणी यंत्रासाठी अर्ज केलाय आणि दुकानदार म्हणतो ‘आजच घ्या, बिल नंतर बघू’. घेऊ नका. पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीला मिळालेल्या सरकारी मंजुरीच्या तारखेआधीचं बिल चालत नाही. बिल अर्जदाराच्याच नावाने, जीएसटी क्रमांकासह हवं. पैसे त्याच्याच खात्यातून ऑनलाइन द्या.

मयत वडिलांच्या नावावरची जमीन

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे, आणि तो वारसाच्या नावावर जमीन चढल्याशिवाय निघत नाही. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून वारस नोंदीचा अर्ज इथून करता येतो. मृत्यू दाखल्यावरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का, हे अर्ज पाठवण्याआधी बघा. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ एवढ्या फरकावरही फाइल तलाठ्याकडे थांबते.