स्मिथ आडनावाचा पाहुणा आला तर काय म्हणायचं आणि कुठे काय लिहायचं

मालवण-तारकर्लीपासून दापोली-गुहागरपर्यंत होमस्टे चालवणारे आपण, त्यात घराघरातली पोरं जहाजावर, त्यामुळे स्मिथ नावाचा माणूस आपल्याला कधी ना कधी भेटणारच. आता हाक काय मारायची, मेल कसा लिहायचा, फॉर्मात कुठल्या रकान्यात काय भरायचं, इथेच बऱ्याच जणांची गडबड होते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी अर्थ बघू. स्मिथ म्हणजे धातू ठोकून वस्तू घडवणारा, मुख्य म्हणजे लोहार. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू पिढीजात आडनावं रुळत गेली, त्याआधी एका गावात तीन जॉन असले की लोहार जॉन, शिंपी जॉन असं ओळखायचे, मग तेच पोरांनाही चिकटलं. टेलर शिंपी, पॉटर कुंभार, कूपर लाकडी पिंपं करणारा. फाळ आणि घोड्याची नाल करायला लोहार प्रत्येक गावात लागायचाच, त्यामुळे स्मिथ सगळीकडे पसरले. जर्मन श्मिट, पोलिश कोवाल्स्की, अरबी हद्दाद, ही सगळी लोहारकामावरूनच आलेली आडनावं. जॉन्सनचं मात्र वेगळं, तो जॉनचा मुलगा, जसं आपल्याकडच्या वेंगुर्ल्या-मालवणातलं फर्नांडिस म्हणजे मुळात फर्नांडोचा मुलगा.

पण हा अर्थ माहिती म्हणून ठेवा, त्यावरून समोरचा माणूस ओळखायला जाऊ नका. आडनाव ऐकलं की गाव कुठलं, जात कुठली हे शोधायची आपल्याला सवय आहे आणि ती मला मनापासून खटकते, आणि स्मिथच्या बाबतीत तर ती चालतच नाही. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ आडनावाचे २४,४२,९७७ लोक होते, सगळ्यात जास्त, आणि त्यातले साधारण २३ टक्के कृष्णवर्णीय. कोणाचे पूर्वज गुलाम होते, कोणाच्या आजोबांनी श्मिटचं स्मिथ करून घेतलं. तेव्हा "तुमच्याकडे लोहारकाम होतं का" हे नका विचारू.

आता हाक मारायचं. आपण मान पहिल्या नावाला जोडतो, सुरेशराव, बाळाकाका, संध्याताई, त्यामुळे तोंडात आपोआप "मिस्टर जॉन" येतं. इंग्रजीत मिस्टर लागतं आडनावाला. मिस्टर स्मिथ म्हणा किंवा मिस्टर जॉन स्मिथ म्हणा, आणि तो स्वतःच म्हणाला की मला जॉन म्हण, तर मग नुसतं जॉन, पुढे-मागे काही लावायचं नाही, त्यात त्याचा अपमान होत नाही. बाईंना मिसेस लावायचं की मिस हे माहीत नसेल तर सरळ मिझ स्मिथ म्हणा, लग्नाचा प्रश्नच येत नाही, आणि नवरा स्मिथ म्हणून बायको स्मिथच असेल असंही धरून चालू नका. "सर" चं बरोब्बर उलटं आहे. "येस सर" ठीक, पण नावाला जोडून सर लावतात ते किताब मिळालेल्या माणसाला आणि तेही पहिल्या नावाला, जसं क्रिकेटपटू इयान बोथमला २००७ मध्ये किताब मिळाल्यावर सर इयान म्हणायचे. म्हणून मेलमध्ये "डिअर सर स्मिथ" कधीच नको, "डिअर मिस्टर स्मिथ" लिहा. जहाजावर कॅप्टन स्मिथ, दवाखान्यात डॉक्टर स्मिथ, पण ब्रिटिश सर्जन असेल तर तिकडच्या रिवाजाने तो मिस्टरच असतो.

फॉर्मचं नीट लक्ष देऊन करा. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात तो. सरनेममध्ये स्मिथ, गिव्हन नेममध्ये बाकीची सगळी नावं. मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव हा आपला हिशोब तिकडे लागू नाही, ते आजीचं माहेरचं आडनावसुद्धा असू शकतं. कुठलं काय हे कळत नसेल तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खालच्या दोन ओळी बघा. वरच्या ओळीत आधी पी, मग देशाची तीन अक्षरं म्हणजे ब्रिटिश असेल तर जीबीआर, त्याला चिकटून आडनाव, मग कोनासारख्या दोन खुणा, आणि त्यांच्यापुढे बाकीची नावं एकेका खुणेने वेगळी केलेली. दोन खुणांच्या आधीचं ते आडनाव, विषय संपला.

स्वागताची पाटी लावणार असाल तर "वेलकम स्मिथ फॅमिली" सगळ्यात सेफ. "द स्मिथ्स" लिहायचं तर शेवटी नुसता एस, अॅपॉस्ट्रॉफी नाही, ती फक्त मालकी दाखवायला, म्हणजे मिस्टर स्मिथची रूम वगैरे.

आणि स्पेलिंग ऐकून लिहू नका. आय ऐवजी वाय घातलेला स्मिथही असतो आणि त्याचा उच्चार कोणी स्मिथ करतो, कोणी स्माइथ, तर त्यालाच विचारायचं. फोनवर रेंज तुटत असेल तर जहाजावरच्या पोरांना जे पाठ असतं ते वापरा, म्हणजे एकेका अक्षराला ठरलेला एक शब्द, सिएरा, माइक, इंडिया, टँगो, हॉटेल, आणि वायवाला असेल तर इंडियाच्या जागी यँकी.